रणदिव्यांची धाकटी पाती

हडपसरला मगरपट्टा सिटीत किंवा अमानोरात संध्याकाळी एक फेरी मारली, की बास्केटबॉलच्या रिंगखाली घामाघूम झालेली पोरं हमखास दिसतात. कुणाच्या अंगावर लेकर्सची पिवळी जर्सी, कुणाच्या पाठीवर स्टेफ करीचं नाव. पहाटे उठून मोबाइलवर एनबीएचे सामने बघणाऱ्या या पोरांना तिथल्या तीसही संघांची नावं तोंडपाठ असतात. 'स्टॉकटन किंग्ज'बद्दल विचारलं, तर मात्र ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. त्यात त्यांचा दोष नाही. हा संघ एनबीएत खेळतच नाही. एनबीएच्या एक पायरी खाली 'जी लीग' नावाची स्पर्धा आहे, तिच्यात तो खेळतो. खुद्द अमेरिकेतही कॅलिफोर्नियाच्या त्या पट्ट्याबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

तरीही या संघाचा इतिहास मराठी वाचकानं जाणून घ्यावा असा आहे. ज्या मालकगटाकडे हा संघ आहे, त्याचे प्रमुख विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले आणि जुहूला वाढलेले. २०२२ मध्ये संघाची जनरल मॅनेजर म्हणून नेमणूक झाली ती त्यांची मुलगी अंजली हिची. आणि एप्रिल २०२५ मध्ये याच संघानं जी लीगचं विजेतेपद पटकावलं. देवासच्या संस्थानात जशी थोरली पाती आणि धाकटी पाती होती, तशी रणदिव्यांच्या दौलतीतही आहे. एनबीएतला सॅक्रामेंटो किंग्ज ही थोरली, स्टॉकटन किंग्ज ही धाकटी. गंमत अशी, की चषक आणला तो धाकट्या पातीनं.

रिझर्व्ह बँकेच्या दारात

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ चा. मुंबईतल्या इतर शाळकरी मुलांसारखे तेही क्रिकेट आणि फुटबॉल खेळत मोठे झाले. बास्केटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता. सत्तरच्या दशकात त्यांना अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला. पण त्या काळी परकीय चलन मिळणं म्हणजे महाकठीण काम. सरकारच्या परवानगीशिवाय डॉलर मिळत नसत. हा मुलगा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसला आणि काम झाल्यावरच उठला. अमेरिकेत उतरला तेव्हा खिशात होते ५० डॉलर.

पुढे त्यांनी शेअर बाजारातली माहिती त्या क्षणी दलालांच्या पडद्यावर पोचवणारं सॉफ्टवेअर तयार केलं. १९९७ मध्ये 'टिबको' ही कंपनी उभी राहिली. माहिती साठवून ठेवून मग तिचा विचार करायचा, ही जुनी पद्धत टाकून द्या आणि घटना घडत असतानाच हालचाल करा, हा त्यांच्या धंद्याचा गाभा होता. बास्केटबॉलमध्ये त्यांनी पुढे जे काही केलं, त्यातलं बरंचसं शहाणपण आणि काहीसा हेकाही याच विचारातून आला.

बास्केटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो मुलीमुळे. अंजली बारा वर्षांची असताना कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या मुलींच्या संघाचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. संघ बेताचाच. सिलिकॉन व्हॅलीतल्या संगणकवाल्यांच्या या मुली. उंची कमी, नेमबाजी कच्ची. रणदिव्यांनी खेळाकडे बाहेरच्या माणसाच्या नजरेनं पाहिलं आणि त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली. बास्केट झाली की अमेरिकेतले संघ मुकाट्यानं पळत आपल्या रिंगखाली जाऊन उभे राहतात आणि प्रतिस्पर्ध्याला आरामात चेंडू घेऊन येऊ देतात. म्हणजे मैदानाचा मोठा भाग आंदण दिल्यासारखाच.

नियम असा आहे, की बाहेरून चेंडू आत फेकायला पाच सेकंद मिळतात आणि तो मधल्या रेषेपलीकडे न्यायला दहा. रणदिव्यांनी या दोनच आकड्यांवर डाव रचला. त्यांच्या मुली माघारी पळायच्याच नाहीत. चेंडू आत फेकणाऱ्या मुलीसमोर हात उंचावून एक जण, बाकीच्या तिच्या मैत्रिणींना चिकटून. फेकायला जागाच दिसेना. पाच सेकंद संपले की चेंडू आपला. आत आला तरी दहा सेकंदांत रेषा ओलांडू द्यायची नाही. गांगरलेल्या मुलींच्या हातून चेंडू सुटायचा, आणि तो सुटायचा तो थेट रिंगच्या जवळ, जिथून कच्च्या नेमबाजीचीही बास्केट व्हावी. या डावपेचाला 'फुल कोर्ट प्रेस' म्हणतात. तो नवा नव्हता. अख्खा सामनाभर तो लावण्याची जिद्द नवी होती. मदतीला होते अमेरिकन फुटबॉलमधले नामवंत खेळाडू रॉजर क्रेग आणि त्यांची बास्केटबॉलपटू मुलगी रोमेट्रा. हा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. माल्कम ग्लॅडवेल या लेखकानं २००९ मध्ये 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ही गोष्ट लिहिली आणि रणदिवे हे नाव संगणकाच्या जगाबाहेरही पोचलं. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मात्र भडकायचे. चिमुरड्या मुलींना असं कोंडीत पकडणं म्हणजे बास्केटबॉल नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

२०१० मध्ये रणदिवे गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीए संघाच्या मालकगटात सामील झाले. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ सिएटलला हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शहरानं उभ्या केलेल्या गटाचं नेतृत्व त्यांनी केलं. एनबीएच्या मालकांनी स्थलांतराच्या विरोधात कौल दिला आणि ५३ कोटी ४० लाख डॉलर मूल्याचा हा संघ रणदिव्यांच्या गटाकडे आला. एखाद्या एनबीए संघाची सूत्रं हाती घेणारे ते भारतीय वंशाचे पहिले गृहस्थ.

धाकटी लीग म्हणजे काय?

जी लीगची सुरुवात २००१ मध्ये आठ संघांनी झाली. तेव्हा तिचं नाव निराळं होतं. पुढे ती 'डी लीग' म्हणून ओळखली गेली आणि २०१७ मध्ये गेटोरेड या पेयाच्या कंपनीचं प्रायोजकत्व मिळाल्यावर 'जी लीग' झाली. २०२४-२५ च्या हंगामात तिच्यात ३१ संघ होते. त्यांतले ३० संघ एनबीएच्या ३० संघांशी एकास एक जोडलेले, आणि उरलेला मेक्सिको सिटीचा.

इथं खेळतं कोण? कॉलेजात चमकलेली, पण एनबीएच्या निवडीत नाव न पुकारलेली मुलं. एनबीएत घेतलेली, पण अजून कच्ची असलेली मुलं. दुखापतीतून उठलेले, कुठल्या तरी संघानं सोडून दिलेले खेळाडू. हडपसरच्या आयटी कंपन्यांतल्या माणसाला हे 'बेंच'च्या भाषेत लगेच कळेल. नाव पटावर आहे, पगार चालू आहे, वरून बोलावणं आलं की निघायचं. फरक एवढाच, की इथं बेंचवर नुसतं बसता येत नाही. रोज मैदानात उतरून आपण लायक आहोत हे दाखवावं लागतं.

पगारातली तफावत डोळ्यांत भरणारी. २०१८-१९ च्या हंगामात जी लीगचा मूळ पगार पाच महिन्यांसाठी ३५ हजार डॉलर होता. त्याच वर्षी एनबीएतल्या अगदी नवख्या खेळाडूचा किमान पगार होता सुमारे आठ लाख ३८ हजार डॉलर. दोन पायऱ्यांमधलं हे अंतर कापायच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे दहा दिवसांचा करार. दुसरी २०१७ पासून आलेला 'टू-वे' करार. तो मिळालेला खेळाडू गरजेप्रमाणे दोन्ही संघांत ये-जा करतो. खालच्या संघात प्रशिक्षकही घडतात, पंचही घडतात आणि नव्या नियमांची चाचणीही इथंच होते.

मेंढ्यांच्या शिंगांचा संघ

आजच्या स्टॉकटन किंग्जचा जन्म २००८ मध्ये नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात झाला. रेनो हे जुगाराच्या अड्ड्यांचं, स्वतःला 'जगातलं सर्वांत मोठं छोटं शहर' म्हणवून घेणारं गाव. नेवाडाचा राज्यप्राणी म्हणजे वळणदार मोठ्या शिंगांचा रानमेंढा. त्यावरून संघाचं नाव पडलं 'रेनो बिगहॉर्न्स'. संघ स्वतंत्र मालकांचा होता आणि सुरुवातीपासून सॅक्रामेंटो किंग्जशी त्याचं नातं होतं. पण त्या काळी एकेका छोट्या संघाला दोन-तीन मोठ्या संघांचे खेळाडू सांभाळावे लागत. आज याचा मुलगा, उद्या त्याचा, असा मामला.

या रेनोतून कोण कोण गेलं, हे पाहिलं की खालच्या पायरीचं मोल कळतं. २०१०-११ च्या हंगामात गोल्डन स्टेट वॉरियर्सनं आपला एक नवखा खेळाडू तीनदा रेनोला धाडला. हार्वर्डमध्ये शिकलेला, तैवानी वंशाचा हा मुलगा म्हणजे जेरेमी लिन. निवडीच्या वेळी एकाही संघानं त्याला घेतलं नव्हतं. रेनोत त्याला भरपूर खेळायला मिळालं आणि त्यानं सामन्याला सरासरी १८ गुण काढले. तरी वॉरियर्सनं त्याला सोडलं, मग ह्यूस्टननंही सोडलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क निक्सच्या खेळाडूंना दुखापती झाल्या म्हणून नाइलाजानं त्याला उतरवलं, आणि पुढचे काही आठवडे अमेरिकेत दुसरं कुणाचं नाव ऐकू येत नव्हतं. लेकर्सविरुद्ध त्यानं ३८ गुण ठोकले. जगानं त्याला एका रात्रीत शोधून काढलं असं म्हटलं गेलं. रेनोच्या प्रेक्षकांनी त्याला वर्षभर आधीच पाहिलं होतं.

त्याच हंगामात डॅनी ग्रीन हा दुसरा नाकारलेला गडी रेनोत होता. पुढे त्यानं सॅन अँटोनिओ, टोरांटो आणि लेकर्स अशा तीन वेगवेगळ्या संघांकडून एनबीएची विजेतेपदं जिंकली. तिसरा हसन व्हाइटसाइड. किंग्जनं निवडलेला हा उंचापुरा खेळाडू रेनोत खेळला, मग एनबीएतून बाहेर फेकला गेला, लेबनॉन आणि चीनमध्ये पोटासाठी खेळला, आणि परत येऊन २०१६ मध्ये मायामी हीटशी त्यानं ९ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. या तिघांचे रेनोतले प्रशिक्षक होते एरिक मसलमन. तेही एनबीएतून खाली आलेले आणि पुन्हा वर जायची वाट शोधणारे.

१४० गुण आणि सोळा सेकंद

२०१३ मध्ये रणदिवे आले, आणि त्याच वर्षी रेनोचा खेळ चालवण्याची सूत्रं किंग्जकडे गेली. धंदा स्वतंत्र मालकांचा, खेळ सॅक्रामेंटोचा, अशी ती वाटणी. मुलींच्या संघावर केलेला प्रयोग मोठ्या माणसांवर करून बघायला आता जागा मिळाली.

२०१४ मध्ये रेनोचे प्रशिक्षक म्हणून डेव्हिड आर्सेनो ज्युनियर यांना आणलं गेलं. वय अवघं अठ्ठावीस. ते आले होते आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून. तिथं त्यांच्या वडिलांनी एक वेडीवाकडी पद्धत रूढ केली होती: संपूर्ण मैदानावर प्रतिस्पर्ध्याला घेरायचं, चेंडू मिळाला की काही सेकंदांत फेकायचा, तोही शक्यतो तीन गुणांच्या रेषेबाहेरून, आणि खेळाडू दमायच्या आत सारेच्या सारे बदलायचे. याच कॉलेजच्या जॅक टेलरनं नोव्हेंबर २०१२ मध्ये एका सामन्यात एकट्यानं १३८ गुण केले होते.

रेनोच्या प्रेक्षकांना त्या हिवाळ्यात डोळ्यांचं पारणं फेडणारा तमाशा पाहायला मिळाला. एनबीएचे संघ तेव्हा सामन्याला सरासरी १०० गुण करत. बिगहॉर्न्सनं हंगामभरात सरासरी १४० गुण केले. लीगच्या इतिहासातला हा विक्रम. अडचण एवढीच होती, की समोरचेही तितकेच, किंबहुना थोडे जास्तच गुण करत. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक निघाले. बाहेरच्या माणसाची नजर बारा वर्षांच्या मुलींच्या स्पर्धेत कामाला आली होती. दोन पासमध्ये घेरा फोडणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंपुढे तिची मर्यादा उघडी पडली.

थोरल्या पातीत तर याहून वाईट घडत होतं. बचावाला चारच खेळाडू ठेवून पाचवा प्रतिस्पर्ध्याच्या रिंगखाली उभा ठेवा, अशी कल्पना मालकांनी मांडल्याच्या बातम्या तेव्हा अमेरिकी माध्यमांत झळकल्या. डिसेंबर २०१४ मध्ये मुख्य प्रशिक्षक माइक मलोन यांना काढण्यात आलं. संघाचा हुकमी खेळाडू डिमार्कस कझिन्स आजारी असल्यानं किंग्ज घसरले होते, हे ठाऊक असलेल्या चाहत्यांना हा निर्णय अजिबात पटला नाही. त्यानंतर सॅक्रामेंटोत प्रशिक्षकांची रांगच लागली. मलोन यांनी पुढे २०२३ मध्ये डेन्व्हरला एनबीएचं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा सॅक्रामेंटोतल्या चाहत्यांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं.

इकडे २०१४-१५ च्या त्याच हंगामात रेनोच्या पळापळीत एक माणूस उठून दिसत होता. सात फूट पाच इंच उंचीचा, दीडशे किलोंहून जास्त वजनाचा सिम भुल्लर. आईवडील पंजाबातून कॅनडात गेलेले, स्वतः टोरांटोत वाढलेला. ऑगस्ट २०१४ मध्ये किंग्जनं त्याच्याशी करार केला, हंगामाआधी त्याला सोडलं आणि तो बिगहॉर्न्समध्ये आला. वाऱ्यासारखं पळणाऱ्या संघात हा डोंगर कसा चालणार, ही शंका रास्त होती. आर्सेनोंनी त्याला रिंगखालचा पहारेकरी केलं. पुढचे चौघे घेरा घालत, आणि घेरा फोडून जो कुणी आत येई त्याच्यासमोर भुल्लरचे हात असत. सामन्याला सरासरी दहाच्या आसपास गुण, जवळपास नऊ रिबाउंड आणि चारच्या घरात ब्लॉक, अशी त्याची हंगामाची कमाई.

एप्रिल २०१५ मध्ये किंग्जनं त्याला दहा दिवसांच्या करारावर वर बोलावलं. ७ एप्रिलला सॅक्रामेंटोत मिनेसोटाविरुद्ध सामना होता. शेवटचे सोळा सेकंद उरले असताना भुल्लर मैदानात उतरला. ना बास्केट, ना रिबाउंड; पण भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएत खेळला, ही नोंद झाली. दुसऱ्या दिवशी यूटाविरुद्ध त्यानं आपली पहिली बास्केट केली. एकूण तीन सामने, दोन गुण. एनबीएतली त्याची कारकीर्द तेवढीच. त्याच वर्षी जूनमध्ये पंजाबच्या बल्लोके गावचा सतनाम सिंग डॅलसनं निवडला. भारतात जन्मून एनबीएच्या निवडीत नाव आलेला तो पहिला. त्याचाही पुढचा मुक्काम डी लीगमध्येच पडला आणि वरचा दरवाजा उघडला नाही.

घाट उतरून स्टॉकटनला

ऑक्टोबर २०१६ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जनं बिगहॉर्न्स विकत घेतला. दोन वर्षांतच त्याला रेनोतून हलवायचं ठरलं, आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. रेनो आणि सॅक्रामेंटो यांच्यामध्ये दोनशे किलोमीटरचं अंतर आणि सिएरा नेवाडाचे बर्फाळ डोंगर. बास्केटबॉलचा हंगाम ऐन हिवाळ्यात. दुपारी खेळाडूला बोलावणं धाडावं आणि घाटात बर्फ पडून रस्ता बंद व्हावा, हे टू-वे कराराच्या काळात परवडणारं नव्हतं. स्टॉकटन सॅक्रामेंटोपासून ऐंशी किलोमीटरवर, सपाट मैदानात. सकाळी एका संघाचा सराव आणि रात्री दुसऱ्याचा सामना सहज जमतो.

२०१८ च्या हंगामात शिंगं गेली आणि संघ 'स्टॉकटन किंग्ज' झाला. स्टॉकटनला त्याचं अप्रूप होतं. २०१२ मध्ये या शहरानं दिवाळखोरी जाहीर केली होती. तोवर अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरावर अशी वेळ आली नव्हती. बऱ्या दिवसांत, २००५ मध्ये, बांधलेलं मोठं क्रीडागृह उभं होतं, आता त्यात खेळायला घरचा संघ मिळाला.

भारतीयांना स्टॉकटन तसं नवं नाही. शेतीसाठी गेलेल्या पंजाब्यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा इथंच उभारला आणि गदर चळवळीचं ते एक ठाणं बनलं. याच चळवळीत हडपसरपासून फार लांब नसलेल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे होता. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला हा तरुण सशस्त्र उठावासाठी मायदेशी परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात करतारसिंग सराभांसोबत फासावर गेला. एका शतकानंतर मुंबईत जन्मलेल्या माणसाचा संघ त्याच गावात आला, हा योगायोगच.

स्टॉकटनमध्ये संघाचा स्वभाव बदलला. पद्धतींचे अचाट प्रयोग मागे पडले आणि माणसं घडवण्याचं काम पुढे आलं. अलाबामा विद्यापीठाचा कीऑन एलिस २०२२ च्या निवडीत कुणालाच नको होता. टू-वे करारावर तो स्टॉकटनला आला, चिवट बचाव करत राहिला आणि पुढे किंग्जच्या पहिल्या पाचांत जाऊन बसला. प्रशिक्षकांच्या बाबतीतही तेच. २०२३-२४ मध्ये लिंडसे हार्डिंग यांच्याकडे संघ होता. महिलांच्या डब्ल्यूएनबीएत २००७ च्या निवडीत पहिलं नाव त्यांचं होतं. त्या वर्षी स्टॉकटन आपल्या विभागात अव्वल राहिला आणि हार्डिंग यांना लीगच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लगेचच लेकर्सनं त्यांना सहायक प्रशिक्षक म्हणून नेलं. क्विंटन क्रॉफर्ड यांनी जागा घेतली आणि पुढच्याच हंगामात, एप्रिल २०२५ मध्ये, फ्लोरिडाच्या ओसिओला मॅजिकला अंतिम फेरीत २-१ असं हरवून स्टॉकटननं संघाच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवलं.

तेव्हा जनरल मॅनेजरच्या खुर्चीत अंजली रणदिवे होती. खेळाडू कोण घ्यायचा, कुणाला सोडायचं, प्रशिक्षक कोण आणायचा, हे ठरवणारं हे पद. रेडवुड सिटीतली ती बारा वर्षांची मुलगी मोठी होऊन संगीताकडे वळली होती, समुद्री जीव वाचवण्याच्या कामातही रमली होती. मग तिनं सहायक म्हणून स्टॉकटनच्या कार्यालयात सुरुवात केली. मालकाची लेक म्हटल्यावर वशिल्याची चर्चा होणारच, आणि ती गैरही नाही. पण धाकट्या संघाचा हिशेब निकालांवर आणि वर पाठवलेल्या खेळाडूंवर होतो. दोन्ही बाजूंनी तिचा हिशेब वडिलांच्या थोरल्या संघापेक्षा उजवा ठरतो. सॅक्रामेंटो किंग्ज सलग सोळा हंगाम बाद फेरीबाहेर राहिला. २०२३ मध्ये ती साडेसाती संपली, पण ज्यांच्या हाताखाली संपली त्या माइक ब्राउन यांनाही डिसेंबर २०२४ मध्ये नारळ मिळाला.

मुंबई, पुणे आणि मधली पायरी

ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिव्यांनी आपला थोरला संघ जन्मगावी आणला. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले; भारतातले एनबीएचे हे पहिलेच सामने. पहिला शाळकरी मुलांनी भरलेल्या गॅलऱ्यांपुढे झाला आणि जादा वेळेत १३२-१३१ असा पेसर्सनं जिंकला. दुसराही त्यांनीच जिंकला. टाळ्यांचा कडकडाट झाला, सेल्फी निघाल्या, संघ परत गेले.

भारतात लीग काढण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. २०१० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी ३० वर्षांचा करार केला, पण त्यातून मोठी व्यावसायिक लीग उभी राहिली नाही. २०१५ मध्ये महासंघातच दोन गट पडले. त्याच वर्षी 'यूबीए' नावाची खासगी लीग सुरू झाली. तिच्या आठ संघांत मुंबईचा 'मुंबई चॅलेंजर्स' आणि पुण्याचा 'पुणे पेशवाज' होते. याच लीगच्या पंजाब संघातला पालप्रीत सिंग ब्रार २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डी लीगच्या निवडीत लाँग आयलंड नेट्सनं घेतला. पुढच्या वर्षी अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला. म्हणजे दर्जाचे खेळाडू होते. पण २०१७ नंतर लीग बंद पडली आणि पुण्याचे पेशवे दुसऱ्यांदा इतिहासजमा झाले. २०२२ मध्ये महासंघाच्या आशीर्वादानं 'आयएनबीएल' सुरू झाली. तिच्या सहा संघांत 'मुंबई टायटन्स' होता; पुण्याचं नाव नव्हतं.

पुण्याला संघ गमावण्याची सवय फुटबॉलनं लावली आहे. २००७ मध्ये निघालेला पुणे एफसी देशाच्या आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आला आणि काही वर्षांत गुंडाळला गेला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. एफसी पुणे सिटीनं २०१९ मध्ये गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. पैसा, जाहिरात, परदेशी प्रशिक्षक, कशाचीच वाण नव्हती.

याउलट पुणेरी पलटण टिकली आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीची विजेतीही झाली. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. प्रामुख्यानं तरुण पोरं घेऊन त्यांना वाढवलेला हा संघ. त्यांना ते जमलं, कारण कबड्डीला गल्लीतल्या मंडळापासून जिल्हा, राज्य असा जिना आधीपासून आहे, आणि प्रो कबड्डीनंही नवख्या खेळाडूंसाठी वेगळी श्रेणी ठेवली आहे. बास्केटबॉलला शाळा आहेत, कॉलेजं आहेत, डेक्कन जिमखान्यासारखे जुने क्लब आहेत. पुण्याच्या शिरीन लिमयेनं तर भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं. पण कॉलेज संपलेल्या, भारतीय संघात न पोचलेल्या बाविशीतल्या खेळाडूनं पगार घेऊन पुढची तीन वर्षं रोज खेळावं अशी जागा आपल्याकडे रेल्वे, सेनादल आणि मोजक्या सरकारी आस्थापनांखेरीज नाही. त्या नोकऱ्याही थोड्या, आणि भरती झाली तरच. तेव्हा पुण्यासाठी नवा बास्केटबॉल संघ काढायला निघालेल्या कुणी आधी पंचतारांकित लिलावावर खर्च न करता सहा-आठ शहरांतले पगारी दुय्यम संघ पाच वर्षं चालवून दाखवावेत. रेनोत जन्मलेल्या संघाला पहिला चषक मिळायला जवळपास सतरा वर्षं लागली, आणि तोही गाव बदलल्यावर.

धाकट्या पातीचा खेळ बघायचा असेल, तर ते अवघड नाही. जी लीगचे सामने एनबीएच्या अ‍ॅपवर दिसतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. स्टॉकटनला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला लागतो.